सिरॅमिकच्या दोन टोप्या : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

चिंचवडमधील एका दातांच्या दवाखान्यात गेल्या वर्षी मी दोन दातांवर सिरॅमिकच्या टोप्या बसवून घेतल्या. एक खालच्या डाव्या दाढेवर, झिर्कोनियाची. दुसरी वरच्या डाव्या पटाशीच्या दातावर, लिथियम डायसिलिकेटची. बिलावर त्या ३६ आणि २१ अशा आकड्यांनी नोंदवल्या आहेत. त्यातला पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश सांगतो आणि दुसरा मधल्या रेषेपासून दात कितवा ते सांगतो. रिसेप्शनवर विचारेपर्यंत मात्र मी ते टोप्यांचे अनुक्रमांक समजत होतो. टोपी बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या अभिप्रायाला फारशी किंमत नसते, म्हणून चौदा महिने भाकरी, शेंगदाणे आणि एका दिवाळीचा फराळ खाऊन मग हे लिहीत आहे. पुढे तक्रारीही येणार आहेत, त्यामुळे दवाखान्याचे नाव देत नाही.

मी भोसरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो आणि समोर आलेला भाग मापात आहे की नाही एवढेच सांगायचे असते. दातांच्या टोप्यांकडेही मी त्याच नजरेने पाहिले, हे आधीच सांगितलेले बरे. कारण बहुतेक लोक, आणि काही डॉक्टरही, ज्या गोष्टीवर सर्वाधिक बोलतात ती म्हणजे टोपी कशाची आहे आणि तिच्यासोबत किती वर्षांचे वॉरंटी कार्ड मिळते. माझा अनुभव असा की, टोपी कशाची यापेक्षा ती दाताला कुठे आणि कशी टेकते, समोरच्या दाताशी तिची गाठ कशी पडते आणि तिच्या आत किती दात शिल्लक आहे, यावरच सगळे ठरते. कार्ड पाकिटात राहते. टोपीची कड मात्र चोवीस तास हिरडीला लागून असते.

आधी दाढेविषयी. त्या दाढेत १९९८ साली भरलेली चांदी होती. चांदीने काम चोख केले, पण दाढेच्या भिंती वर्षानुवर्षे पातळ होत गेल्या आणि परवाच्या दिवाळीत मक्याच्या चिवड्यातला एक न फुललेला दाणा दाताखाली येताच जिभेकडची भिंत हिरडीपर्यंत तुटून हातात आली. आवाज इतका स्वच्छ आला की शेजारी बसलेल्या बायकोने, ‘काय तुटलं?’ म्हणून विचारले. नस उघडी पडल्यामुळे रूट कॅनाल करावे लागले. ते दोन बैठकांत झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. दुखले नाही, मुळांत नसेचे चार कालवे निघाले, एक्स-रेमध्ये भराव मुळांच्या टोकापर्यंत गेलेला दिसला.

डॉक्टर बाईंनी वेळ घेतला तो त्यानंतर. दात तुटल्यावर वरून टोपी घातली की काम झाले, अशी माझी समजूत होती. त्यांनी आरसा हातात देऊन दाखवले की, आत संमिश्राच्या (कंपोझिटच्या) भरावाचा गाभा बांधून दाढेची उंची भरून काढता येते, पण टोपीची पकड त्या भरावावर अवलंबून ठेवून चालत नाही. हिरडीच्या वर चारही बाजूंनी खऱ्या दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची कडा राहिली पाहिजे, जेणेकरून पिंपाला लोखंडी पट्टी असते तशी टोपी त्या कडेला आवळून धरेल. माझ्या दाढेच्या तुटलेल्या बाजूला ही कडा एक मिलिमीटरच भरत होती. म्हणून त्यांनी त्या बाजूची हिरडी थोडी कापून दात उघडा केला, त्याचे वेगळे पैसे घेतले आणि जखम भरण्यासाठी मला तीन आठवडे थांबवले. तेव्हा मी मनात कुरकुरलो होतो. आज वाटते, या सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच.

झिर्कोनिया का, याचे उत्तरही पटण्यासारखे मिळाले. मला झोपेत दात खाण्याची सवय आहे आणि दाढेची उंची मुळातच कमी उरली होती. झिर्कोनिया वाकवून मोडायला सुमारे १,००० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक ताण लागतो, लिथियम डायसिलिकेटला साधारण ४०० आणि जुन्या पद्धतीच्या पोर्सेलीनला शंभराच्या आसपास. त्यामुळे झिर्कोनियाची टोपी पातळ ठेवता येते आणि दात कमी घासावा लागतो. माझ्या दाढेचा माथा सुमारे एक मिलिमीटरच उतरवला. हा पदार्थ इतका चिवट का, यामागचे कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला मोहवणारे आहे : तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकापाशी असलेले झिर्कोनियाचे कण आपली स्फटिकरचना बदलतात, किंचित फुगतात आणि तड्यालाच दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ साली हा गुण दाखवून दिला तेव्हा त्यांनी त्याची तुलना पोलादाशी केली होती.

डॉक्टरांच्या कपाटात एक न भाजलेली टोपी होती, ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. खडूसारखी पांढरी, नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ, आणि दाढेपेक्षा स्पष्टपणे मोठी. अशा खडूसारख्या चकतीतून मशीन ती कोरते आणि मग सुमारे १,५०० अंश सेल्सियसला भट्टीत भाजते; भाजताना ती आकसते, म्हणून मुळातच वीस ते पंचवीस टक्के मोठी कोरावी लागते. प्रत्येक चकतीच्या आकसण्याचे प्रमाण तिच्यावर छापलेले असते आणि मशीनला ते द्यावे लागते. हा आकडा कोणी चुकवला तर टोपी एक तर बसणार नाही किंवा सैल बसेल, हे ऐकून मला आमच्या ओतकामाच्या साच्यांची आठवण झाली आणि त्या प्रयोगशाळेतल्या अनोळखी तंत्रज्ञाविषयी थोडी आपुलकीही वाटली.

माप घ्यायला तोंडात ती गुलाबी लगद्याची थाळी कोंबली जाते, या भीतीने मी सकाळी काही खाल्लेही नव्हते. इथे दाढेचे माप स्कॅनरने घेतले. आधी दात आणि हिरडी यांच्या फटीत बारीक दोरा सारून हिरडी बाजूला केली, मग पेनाच्या जाडीपेक्षा थोडी मोठी कांडी दातांवरून फिरवली आणि पडद्यावर माझी दाढ हळूहळू रंगत गेली. एका कोपऱ्यात रक्त आल्यामुळे कड धूसर दिसत होती. डॉक्टरांनी तेवढा भाग पुसून टाकला, रक्त थांबवले आणि पुन्हा स्कॅन केला. हे त्यांनी मी न सांगता केले, म्हणून मुद्दाम नोंदवतो. स्कॅनर आहे म्हणजे माप बिनचूक, असे मुळीच नाही. त्याला जे दिसत नाही ते तो अंदाजाने जोडून देतो.

टोपी आली त्या दिवशी मी जरा आगाऊपणा केला. टोपीच्या कडेला सुमारे १२० मायक्रॉनपर्यंत फट चालवून घेतात, असे वाचून गेलो होतो आणि डॉक्टरांना, ‘फट किती आहे?’ असे विचारले. त्या हसल्या, अणकुचीदार प्रोब माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘काका, आरशात बघून तुम्हीच फिरवा.’ टोपीवरून दातावर येताना टोक अडखळत नव्हते. एका जागी मागच्या बाजूला किंचित नख लागल्यासारखे वाटले, तिथे त्यांनी एक्स-रे घेऊन कड जुळल्याचे दाखवले. चिकटवण्याआधी एक्स-रे घेणारा डॉक्टर मला तरी प्रथमच भेटला. नंतर शेजारच्या दातांमधून फ्लॉसचा दोरा घातला : तो टक्क असा आवाज करून आत जावा आणि न फाटता बाहेर यावा, ही त्यांची कसोटी. दोरा फाटला तर कड खरखरीत, अलगद गेला तर फट सैल आणि मग प्रत्येक जेवणानंतर मेथीच्या भाजीचे पान तिथे अडकणार.

चाव्याचे काम मात्र एका बैठकीत जमले नाही. खुर्चीत आडवा असताना निळा कागद चावून खुणा घेतल्या, उंच जागा घासल्या, सगळे ठीक वाटले आणि घरी येऊन पहिला घास चावताच दाढ आधी लागते आहे हे कळले. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही दातांना कळतो, हे मी वाचून मान्य केले असते. अनुभवून ते जरा अपमानास्पद वाटले, कारण एवढा फरक टिपायला आम्हांला कारखान्यात उपकरण लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सरळ बसवून चावायला लावले आणि कागदाऐवजी ८ मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी दातांत धरून ओढून पाहिली. फट मोजायच्या आमच्या फीलर गेजचाच हा धाकटा भाऊ. शेजारच्या दातांत पट्टी घट्ट धरली जायला हवी आणि टोपीवरही तितकीच, अधिक नको.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. उंच जागा घासून झाल्यावर त्यांनी तेवढ्यावर सोडले नाही. रबरी टोकांनी, क्रमाने बारीक होत जाणाऱ्या तीन रंगांच्या, ती जागा पुन्हा चकचकीत केली. झिर्कोनियामुळे समोरचे दात झिजतात, अशी भीती अनेकांना वाटते. गुळगुळीत झिर्कोनिया समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही. घासून तसाच खरखरीत सोडलेला मात्र कानशीसारखा चालतो. तुमच्या डॉक्टरांनी चावा जुळवल्यावर पॉलिश केले की नाही, हे जीभ फिरवून तुम्हांलाही कळू शकते.

दाढेची टोपी एवढी चांगली झाल्यामुळे पुढच्या दाताबाबत मी निर्धास्त होतो. तिथेच गडबड झाली.

तो दात मी कॉलेजात असताना चेंडू लागून मेला होता. त्याच्यावर नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात धातूवर पोर्सेलीन चढवलेली टोपी बसवली होती. ती पहिल्या वर्षापासून आजूबाजूच्या दातांपेक्षा पांढरी आणि निर्जीव दिसे. पुढे हिरडी थोडी वर सरकली आणि टोपीच्या कडेला करडी रेघ उघडी पडली. अखेर एका कोपऱ्याचा पोर्सेलीनचा टवका उडून आतला धातू दिसू लागला. या प्रकारच्या टोपीत धातू झाकण्यासाठी आधी अपारदर्शक थर द्यावा लागतो, त्यामुळे प्रकाश दातात शिरून परत येण्याऐवजी पृष्ठभागावरूनच परततो. दात निर्जीव दिसतो तो त्यामुळे. टोपी काढताना ती कापून दोन तुकड्यांत काढावी लागली. ते तुकडे मी मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या प्रोफाइल प्रोजेक्टरखाली ठेवले. पडद्यावर वीसपट मोठी झालेली ती कड पाहून माझ्या साहाय्यकाने, ‘सर, हा भाग रिजेक्ट का नाही केला?’ असे विचारले. कड धारदार नसून गोल वळलेली होती आणि एका बाजूला दुपटीने जाड.

नव्या टोपीसाठी लिथियम डायसिलिकेट निवडले, ते त्यातून प्रकाश आरपार जातो म्हणून. समोरच्या दातासाठी हा गुण झिर्कोनियाच्या ताकदीपेक्षा अधिक मोलाचा. रंग जुळवण्याचे काम डॉक्टरांनी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, टोपीसाठी दात घासायला घेण्याआधीच केले, कारण तोंड उघडे राहून दात कोरडे पडले की ते फिकट दिसू लागतात. माझ्या केशरी टी-शर्टवर करड्या रंगाचे कापडही टाकले. सोळा रंगांच्या पट्टीतून ‘ए-३’ ठरला, मानेशी किंचित गडद. इथवर सारे पद्धतशीर.

दहा दिवसांनी टोपी आली. हातात घेतली तेव्हा ती सुंदर होती, इतकी की बायकोनेही तिचा फोटो काढला. दातावर घालून पाहिली आणि शेजारच्या दातासमोर ती राखाडी दिसली. डॉक्टर काही क्षण काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी टोपी काढून आतल्या दाताच्या ठुशाकडे, म्हणजे घासून उरलेल्या भागाकडे, पाहिले आणि चूक त्यांनीच बोलून दाखवली : मेलेल्या दाताचा ठुसा पार तपकिरी होता, त्याचा रंग मोजून आणि फोटो काढून प्रयोगशाळेला पाठवायला हवा होता आणि तो पाठवायचा राहिला होता. तंत्रज्ञाने गृहीत धरले की खाली नेहमीसारखा दात आहे, आणि आरपार दिसणारा पदार्थ वापरला. काळ्या भिंतीवर पातळ पडदा लावावा तसे झाले.

टोपी परत गेली. दुसऱ्या वेळी आतून कमी पारदर्शक पदार्थाचा पाया आणि त्यावर पोर्सेलीनचा पातळ थर, अशी रचना करायला सांगितली. ठुशाचा फोटो या वेळी रंगपट्टीसह गेला. त्यासाठी दात आणखी थोडा घासावा लागला, हे मला आवडले नाही. मेलेला असला तरी तो माझा दात होता आणि पहिल्याच वेळी नीट विचार झाला असता तर कदाचित तेवढ्यात भागले असते. पैसे वाढवून घेतले नाहीत, पण तीन आठवडे तात्पुरत्या टोपीवर काढावे लागले आणि ती दोनदा निघाली. त्यातली एकदा नेमकी भाचीच्या साखरपुड्यात, पेढा खाताना. पुढचा दात हातात घेऊन पाहुण्यांशी बोलण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये.

दुसरी टोपी मात्र बसवल्यापासून कोणी ओळखलेली नाही. चिकटवण्याआधी रंगीत जेल आत भरून सिमेंटचा रंग कसा दिसेल तेही पाहून घेतले. चिकटवताना दाताभोवती रबराची चादर ताणून दात कोरडा ठेवला, टोपीची आतली बाजू आम्लाने खडबडीत करून मग रेझिन सिमेंट लावले आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट केले. आम्लाची ही प्रक्रिया काचेचा अंश असलेल्या लिथियम डायसिलिकेटला चालते, झिर्कोनियाला नाही. म्हणून दाढेच्या टोपीची आतली बाजू त्यांनी बारीक वाळूच्या झोताने खडबडीत करून घेतली होती. उन्हात आरशात पाहिले तर नव्या दाताचे टोक शेजारच्यासारखेच किंचित निळसर, काचेसारखे दिसते. एक फरक उरला आहे : शेजारच्या खऱ्या दातावर एक बारीक उभी चीर आहे, ती यावर नाही. तशी चीर टोपीवरही रेखून हवी का, असे डॉक्टरांनी विचारले होते. मी नको म्हणालो.

खर्चाचा हिशेब असा. दाढेची टोपी १२,००० रुपये, पुढच्या दाताची १४,०००, रूट कॅनाल ६,५००, हिरडीचे काम ३,०००, जुनी टोपी कापून काढण्याचे १,५००. शेवटचे दोन आकडे सुरुवातीच्या अंदाजपत्रकात नव्हते. हिरडीचे काम आधी सांगता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. जुनी टोपी मात्र पहिल्या दिवशीच सर्वांना दिसत होती, तेव्हा ती काढण्याचा खर्च कागदावर यायलाच हवा होता. वेळ पाळण्याबाबत दवाखान्याला फार तर काठावर पास करीन. सातपैकी पाच वेळा मी अर्धा ते पाऊण तास बाहेर बसलो, त्यातल्या एका वेळी टीव्हीवर चाललेल्या मालिकेचे दोन भाग सलग पाहून.

दाढेच्या टोपीबरोबर पंधरा वर्षांचे कार्ड मिळाले आहे. मी ते नीट वाचले. टोपी फुटली तर प्रयोगशाळा नवी टोपी देईल. आतला दात किडला, मूळ तडकले, हिरडी खाली गेली तर काही नाही, आणि डॉक्टरांची फी तर मुळीच नाही. म्हणजे या टोपीला जे सहसा होत नाही त्याची हमी आहे आणि जे होऊ शकते त्याची नाही. त्यात दवाखान्याचा दोष नाही, पण कार्डावरची वर्षे पाहून दवाखाना निवडणाऱ्याने कार्डाची मागची बाजू जरूर वाचावी.

चौदा महिन्यांनंतर दाढेभोवतीची हिरडी गुलाबी आहे, रक्त येत नाही, फ्लॉस अजून टक्क आवाज करतो. मागच्या महिन्यात घेतलेल्या एक्स-रेमध्ये कडेखाली कीड नाही. रात्री घालायची चावा-पट्टी डॉक्टरांनी ३,५०० रुपयांत करून दिली आहे आणि ती आठवड्यातून चार रात्री वापरतो. उरलेल्या तीन रात्री ती डबीत असते, याचा दोष अर्थातच माझा. माझी आई अजून मिश्री लावते; तिच्या दोन दाढांसाठी मी हाच दवाखाना सांगितला आहे. पुढच्या दाताचे काम कोणी तिथे करून घेणार असेल, तर ठुशाचा रंग प्रयोगशाळेला कळवला का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. आता त्यांच्या कागदावर त्यासाठी वेगळा रकाना छापला आहे. मागच्या भेटीत मी तो पाहिला, त्यात दुसऱ्या कोणाच्या तरी दाताचा रंग भरलेला होता.